केसाळ माशी म्हणजे दरवेळी मित्रकीटक नव्हे

काही जण म्हणतात की माशीच्या अंगावर राठ केस दिसले की ती टॅकिनिड नावाच्या कुळातली समजायची आणि ती शेतकऱ्याची मैत्रीणच. अळ्या मारते हे खरंय, पण केसांवरून ओळख पटत नाही, मांसमाशीलाही तसेच केस असतात. भिंग घेऊन पाठीमागून बघा, छातीच्या टोकाला जी ढालीसारखी चकती असते तिच्याखाली अजून एक फुगीर उंचवटा दिसला तर ती टॅकिनिड. या कुळात साडेआठ हजारांच्या आसपास जाती नोंदल्यात, उपकुळं चार.

आणि मैत्रीण म्हणाल तर आमच्या हुक्केरीकडं (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) मावशीला विचारा, रेशमाचे किडे पाळते ती. उझी माशी याच कुळातली, एक्झोरिस्टीनी उपकुळातली, 1980 साली बंगालकडून कर्नाटकात आली. किड्याच्या अंगावर खसखशीपेक्षा बारीक पांढरं अंडं चिकटवते, दोन-तीन दिवसांत तिथं काळा डाग पडतो, आणि चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायला ठेवलेल्या बांबूच्या चटईवर, चढलेल्या किड्याचा कोष विणून झाला की आतली माशीची अळी भोक पाडून बाहेर येते. भोक पडलेल्या कोषाचा सलग धागा निघत नाही, बाजारात भाव पडतो. म्हणून मावशी दारं-खिडक्यांना नायलॉनची जाळी लावते आणि रोज सकाळी काळ्या डागाचे किडे हातानं वेचून काढते.