आजेसासऱ्यांचा मृत्यूचा दाखला कुठं मिळंल? (सोसायटी ग्रुप, कोल्हापूर)

ए-104 वहिनी: नमस्कार सगळ्यांना, जरा माहिती पाहिजे होती. आमच्या गावाकडच्या शेताच्या सातबाऱ्यावर अजून आजेसासऱ्यांचंच नाव आहे, सासरे आणि आत्या दोघांची वारस नोंद लावायची राहूनच गेली बघा. आता तलाठी म्हणतात आधी मृत्यूचा दाखला आणा मग पुढचं. त्यांना जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली, दाखला कधी कुणी काढलाच नाही. आज हे महापालिकेत जाऊन आले तर तिथं म्हणाले इथं नाही मिळायचा. कुणी काढलाय का असला जुना दाखला

सी-301: वहिनी ऑनलाइन मिळतोय की आता सगळं, आधार नंबर टाकायचा

ए-104 वहिनी: अहो दादा, आधार निघायच्या चाळीस वर्षं आधी गेलेत ते

डी-402: आरटीआय टाका सरळ

बी-301 काकू: ह्यांचं सगळ्यावर आरटीआयच. मागं लिफ्ट बंद पडलेली तेव्हा पण आरटीआयच टाकणार होते 😄

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय. उद्या टाकी धुणार आहेत, सकाळी 10 पर्यंत पाणी भरून ठेवा.

बी-202 अण्णा: सेक्रेटरी, मरण काय सोसायटीच्या बाहेरचा विषय हाय काय. राहू द्या. वहिनी, मी तहसीलला रेकॉर्डला होतो बरीच वर्षं, सांगतो, फक्त टाइप करायला वेळ लागतोय. पहिलं दोन गोष्टी सांगा. वारले कुठं आणि साल कुठलं?

ए-104 वहिनी: गावातच, घरी. तारीख कुणालाच माहीत नाही अण्णा, सासरे तेव्हा चार वर्षांचे होते

बी-202 अण्णा: मग महापालिकेत काय मिळणार. ह्या कामात निम्मी माणसं हिथंच चुकतात. आपण राहतो कुठं, रेशनकार्ड कुठलं, ह्याचा काही संबंध नाही. मरण ज्या हद्दीत झालं त्या हद्दीतच नोंद. गावात वारले तर ग्रामपंचायत, नगरपालिकेच्या हद्दीत तर नगरपालिका, कोल्हापुरात शहरात वारले तर महापालिका, मग माणूस पार गडहिंग्लजचा का असंना. सीपीआरला, म्हणजे हिथल्या सरकारी दवाखान्यात, रोज बाहेरगावची माणसं वारतात त्यांची नोंद कोल्हापुरातच होते, आणि घरचे गावात ग्रामसेवकाच्या पाठीमागं फिरत असतात.

सी-104: अण्णा हे मला आज कळतंय बघा. माझी आई 1991 ला मिरजेच्या एका दवाखान्यात वारली, राहायला आम्ही हिथंच मंगळवार पेठेत. अग्नी पण पंचगंगेवर दिला. मी हिथं तीन फेऱ्या मारल्या, दरवेळी रजिस्टर बघतात आणि नाही म्हणतात, कुणी एका शब्दानं सांगितलं नाही की बाई मिरजेला जा म्हणून. माझ्याकडं स्मशानातली पावती आहे ती दाखवत होते सारखी

बी-202 अण्णा: ताई ती पावती म्हणजे दाखला नव्हे. पण टाकू नका, तारखेला पुरावा म्हणून लई उपयोगी. तुम्ही मिरजेलाच अर्ज करा. 91 ला तिथं नगरपालिका होती, 1998 ला सांगली मिरज कुपवाड मिळून महापालिका झाली, म्हणजे आता विचारायचं त्या महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात. मिरज पालिकेचं जुनं रजिस्टर म्हणून स्पष्ट सांगा नाहीतर सांगलीचं बघून नाही म्हणतील आणि तुमची चौथी फेरी होईल.

सी-104: आणि अण्णा विमावाले मरणाचं कारण लिहिलेला दाखला मागत होते तेव्हा

बी-202 अण्णा: दाखल्यावर कारण कधीच येत नाही. कायद्यातच आहे, 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा, कलम 17, उतारा कुणालाही द्या पण मृत्यूचं कारण त्यावर द्यायचं नाही. कारण असतंय डॉक्टरच्या फॉर्मवर, नमुना 4 म्हणतात त्याला. आता 2023 च्या दुरुस्तीनंतर त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे दवाखान्यानं, ती मागून घ्यायची. जुन्या कोतवाल बुकात मात्र कारणाचा रकाना असायचा, तिथं सगळं उघडंच.

बी-301 काकू: कोतवाल बुक म्हणजे ते कुणबी दाखल्याचं तेच ना

बी-202 अण्णा: तेच. गाव नमुना 14. 2023 ला कुणबी नोंदी शोधायला लागले तेव्हा ही बुकं परत बाहेर आली, नाहीतर कोण विचारत नव्हतं. वहिनी तुमचं काम बहुतेक त्यातच आहे. तो 69 चा कायदा आपल्या राज्यात लागू झाला 1 एप्रिल 1970 ला. त्याच्या आधी गावचा कोतवाल कोण जन्मलं कोण मेलं लिहून ठेवायचा, आणि ती बुकं पुढं तालुक्याला जमा. म्हणून साल विचारतोय. सालाशिवाय जाऊ नका, शोधायची फी वर्षागणिक असते, एकेक साल वाढलं की फी वाढते. फी किरकोळच हो, पण कारकुनाला दहा वर्षांची बुकं काढा म्हटलं की तो काय काढत नाही, हे मी स्वतः कारकून होतो म्हणून सांगतोय.

ए-104 वहिनी: साल कुठनं आणू अण्णा. आत्त्यांना विचारते थांबा, त्या मोठ्या आहेत

सी-301: पाणी 10 पर्यंत येणार का 10 नंतर येणार

सेक्रेटरी: 10 नंतर बंद.

ए-104 वहिनी: आत्त्यांना फोन केला. त्या म्हणतात तारीख काय माहीत नाही पण महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी गेले, उपास सोडायचा म्हणून आईनं भाकरी थापायला घेतलेली, परातीत पीठ तसंच राहिलं. श्राद्ध पण तेव्हाच करतो आम्ही. आणि साल म्हणजे भूकंपानंतरची शिवरात्र. भूकंपात घराची भिंत गेली त्याचा धसका घेतला त्यांनी असं घरात सगळे सांगतात

बी-202 अण्णा: झालं की मग काम! कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967, पहाटेचा. मला आठवतोय, मी लहान होतो, आमच्या मांडणीवरची भांडी सगळी खाली. त्याच्यानंतरची शिवरात्र म्हणजे 1968 ची. आत्ता मोबाईलवर पंचांग बघितलं, अमावस्या 28 फेब्रुवारीला आहे, म्हणजे शिवरात्र त्याच्या एक-दोन दिवस अलीकडं. अर्जात लिहा फेब्रुवारी 1968 चा शेवटचा आठवडा, आणि मार्च एप्रिल पण बघा म्हणावं, कारण कोतवाल त्याच दिवशी लिहील असं काही नाही. आपल्याकडं तारीख कुणाला ठाऊक नसते पण तिथी अख्ख्या भावकीला पाठ असते, त्यावरनं कितीतरी जणांची सालं काढलीत मी.

ए-104 वहिनी: अण्णा खरंच 🙏 मग थेट तालुक्यालाच जाऊ का

बी-202 अण्णा: आधी ग्रामपंचायतीत विचारा. काही गावांत त्याही आधीची रजिस्टरं आहेत, ग्रामसेवकाला कपाट उघडायला लावा. तिथं नसलं तर तहसीलचा अभिलेख कक्ष. साध्या कागदावर नकलेचा अर्ज, कोर्ट फीचं तिकीट, गावाचं नाव, मयताचं पूर्ण नाव, अंदाजे तारीख, तुमचं नातं काय आणि कशासाठी पाहिजे ते. सातबाऱ्याची झेरॉक्स जोडा. अर्जाची पोच घ्यायचीच. आणि नावात फरक निघाला तर घाबरू नका.

बी-301 काकू: नावाचं आमच्यात लई झालं. सासऱ्यांचं सातबाऱ्यावर बाळासो, बँकेत बाळासाहेब, आणि दाखल्यावर बाळकृष्ण. तीन माणसं झाली एका माणसाची. शेवटी ॲफिडेव्हिट केलं तिन्ही एकच म्हणून

ए-302: ह्यावरनं विचारतो, मामा मागच्या आठवड्यात गेले, हिथंच दवाखान्यात. आम्हाला काय करायला लागतंय का आपोआप होतंय

बी-202 अण्णा: वाईट झालं. दवाखान्यात वारले तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची, घरी वारले तर घरच्यांची. 21 दिवसांच्या आत विनाशुल्क. त्याच्यापुढं 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत वरची परवानगी, आणि वर्ष उलटलं की प्रांत, तहसीलदार असल्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो, पूर्वी त्याला कोर्टात जावं लागायचं. नोंद झाल्यापासून सात दिवसांत ज्यानं माहिती दिली त्याला एक प्रत फुकट द्यायची आहे. पण आपोआप होतंय म्हणून घरात बसू नका, दवाखान्यात जाऊन फॉर्मवर नाव काय लिहिलंय ते डोळ्यानं बघा. दुःखात कुणीतरी पुतण्या उभा असतो तो सांगतो आप्पा, आणि आप्पाच लागतंय. आधारवर असंल तसं अक्षर न अक्षर पाहिजे. नंतर दुरुस्ती होते, कलम 15 आहे, पण पुरावे गोळा करत बसायला लागतंय.

ए-302: आत्ताच जातो. आणि प्रती किती काढू

बी-301 काकू: दहा तरी काढ बाबा, बँक एक, एलआयसी एक, गॅस एक, पेन्शन एक, सगळ्यांना ओरिजिनलच दाखवायला लागतंय

डी-402: गेल्या वर्षी माझा अर्ज दोन महिने पडून होता एका ग्रामपंचायतीत. आरटीआय टाकल्यावर चौथ्या दिवशी दाखला घरी. हसा तुम्ही

बी-202 अण्णा: अडला तर टाका की, कोण नको म्हणतंय. पण आधी लोकसेवा हक्क कायदा आहे 2015 चा, मृत्यूचा दाखला त्यात येतो, मुदतीत दिला नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं. आपले सरकार पोर्टलवरनं अर्ज केला की तारीख पडते, मग कारकून जरा हलतो.

सेक्रेटरी: टाकी धुऊन झाली. पाणी सोडले आहे. (अण्णा, माझ्या वडिलांचं पण विचारायचं होतं, घरी येतो संध्याकाळी.)

(नऊ दिवसांनी)

ए-104 वहिनी: अण्णा मिळाली नोंद!! ग्रामपंचायतीत 1971 च्या पुढचंच होतं म्हणून तालुक्याला गेलतो आम्ही दोघं. पहिल्या दिवशी म्हणाले साहेब नाहीत, दुसऱ्या दिवशी म्हणाले सापडत नाही, मी म्हटलं 1968 चं फेब्रुवारी-मार्च एवढंच बघा बाकी काही नको. मग बाईंनी काढलं, कापडात बांधलेलं गाठोडं होतं, कागद हात लावला की कोपरे गळायचे. नशीब देवनागरीत होतं, शेजारी एकजण त्याच्या पणज्याचं शोधत होता त्याचं सगळं मोडीत, तो बिचारा वाचणारा माणूस शोधायला गेला. आमच्यांचं नाव दादू म्हणून लिहिलंय, सातबाऱ्यावर दादासो आहे

बी-202 अण्णा: शाब्बास. नकलेवर खरी नक्कल असा शिक्का आणि सही आहे का बघा. दादू-दादासोचं ॲफिडेव्हिट करा, गावातली दोन म्हातारी माणसं आणि पोलीस पाटलाचा दाखला जोडा, तलाठ्याला आधी झेरॉक्स दाखवून हे चालतंय का विचारा आणि मगच स्टॅम्प पेपर घ्या

ए-104 वहिनी: हो करते. अजून एक सांगायचं होतं. कारणाच्या रकान्यात ताप लिहिलंय. धसका बिसका काही नाही. आणि त्याच पानावर वर सहा ओळी सोडून दादूची मुलगी, वय दोन महिने, नाव नाही, कारण ताप, आठ दिवस आधीची तारीख. आमच्यात कुणाला माहीतच नव्हतं. सासरे म्हणाले मला बहीण एकच. आत्त्यांना फोन केला तर म्हणाल्या, होती की, कुणी विचारलंच नाही कधी

बी-301 काकू: अगं बाई

ए-104 वहिनी: त्या बाईंनी विचारलं नक्कल कुणाची पाहिजे, एकाची का दोघांची. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. दोघांची घेतली