मदत हवी आहे: 12345678987654321 हर्षद (अंकांच्या बेरजेने भाग जाणारी) आहे, मग 27 एक लिहून होणाऱ्या संख्येच्या वर्गाचं काय?

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीत आठवी-नववीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. परवा त्यांना पूर्वी देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांच्या 'डेम्लो' संख्यांबद्दल (11, 111 अशा नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग त्यातलेच) सांगत होते. डेम्लो म्हणजे जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेवरचं तेव्हाचं डोंबिवली स्टेशन! हे ऐकून मुलं सरसावून बसली.

फळ्यावर 111111111 चा वर्ग केला: 12345678987654321. अंकांची बेरीज 81. संख्येला 81 ने भागलं तर बाकी शून्य, भागाकार 152415789971041, म्हणजे 12345679 चा वर्ग. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद' हे नावही कापरेकरांचंच. माझ्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर इतके अंक मावत नाहीत, म्हणून सगळं हाताने केलं.

एका एकापासून नऊ एकांपर्यंत सगळे वर्ग तपासले. 1, 3 आणि 9 एकांचेच हर्षद निघाले. (तीन एकांचा 12321, बेरीज 9, भागाकार 1369.) लगेच एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग 27 चं काय?"

इथे मी अडले. नऊ एकांपर्यंत हातचे येत नाहीत. दहा एकांचा वर्ग 1234567900987654321. दोन हातचे आले आणि बेरीज 10 × 10 = 100 ची 82 झाली, दर हातच्याला 9 ने कमी. 27 एकांचा वर्ग 53 अंकी, त्यातले हातचे मोजताना मी दोनदा चुकले. न मोजता बेरीज काढता येईल का? संगणकाचं उत्तर नको, नववीच्या मुलांना पटेल असं कारण हवं आहे.

प्रतिसाद

ताई, हातचे मोजूच नका. 27 एकांना 9 ने भाग जातो, त्या भागाकाराला 'क' म्हणा. मग वर्ग म्हणजे क गुणिले 27 नवांची संख्या. म्हणजेच क वर 27 शून्यं द्यायची आणि त्यातून क वजा करायचा. डावीकडे क-1 राहतो, उजवीकडच्या 27 जागांवर त्याच्याच प्रत्येक अंकाला 9 करायला जे कमी पडतं ते येतं. 27 जोड्या, प्रत्येकीची बेरीज 9, एकूण 243. तुमच्याच संख्येच्या आधी एक शून्य लावून बघा: 012345678 आणि 987654321. 0 ला 9, 1 ला 8, 2 ला 7.

आता भाग. 27 एक = 111111111 × 1000000001000000001. पहिलीला 9 ने जातो, दुसरीच्या अंकांची बेरीज 3. म्हणून 27 ने भाग जातो, वर्गाला 729 ने, आणि 729 म्हणजे 243 ची तिप्पट. हर्षद आहे!

धागाकर्ती

मनापासून आभार! इतकी वर्षं ही संख्या मधल्या 9 भोवती आरशासारखी बघत आले, पुढे शून्य लावायचं कधी सुचलंच नाही. याच रीतीने 18 एकांच्या वर्गाची बेरीज 162 येते. ती सम आणि वर्ग विषम, म्हणजे तो हर्षद नाही, बरोबर ना? उद्या मुलांना 81 एकांचा वर्ग देते.