डिव्हायडरला डावं चाक आदळल्यापासून गाडी डावीकडे ओढते, अलाइनमेंट करूनही फरक नाही

कोयनाकाठ:
पेट्रोल हॅचबॅक, पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्जॉर्बर एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (मागची चाकं जोडणारा आडवा दांडा). पुढचं डावं चाक डिव्हायडरवर आदळलं. रिम बदलली, डावा टाय रॉड एंड (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) नवीन टाकला, अलाइनमेंट केलं. तरी स्टेअरिंग सोडलं की गाडी डावीकडे जाते आणि सरळ चालवताना स्टेअरिंग थोडं उजवीकडे धरावं लागतं. अलाइनमेंटच्या प्रिंटवर टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) हिरवा, म्हणजे मर्यादेत आहे. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल, वरचं टोक बाहेर असेल तर +) डावा +१°१०′, उजवा −०°०५′. कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा बाजूने पाहता मागचा कल) डावा २°१०′, उजवा ३°४०′. दुकानदार म्हणतात, या गाडीत कॅम्बर-कॅस्टर सेट होत नाही, असंच चालवा. अजून काय तपासावं?

आटे_आणि_पाने:
सेट होत नाही हे खरं, पण म्हणूनच चालवायची नाही. ज्या गाडीत कॅम्बर-कॅस्टरला ॲडजस्टमेंटच नाही, तिथे दोन बाजूंत एवढा फरक दिसला तर काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय. गाडी जास्त पॉझिटिव्ह कॅम्बरच्या आणि कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. तुमच्याकडे दोन्ही डावीकडेच आहेत. टो हिरवा आला तो टाय रॉड फिरवून आणलेला. डाव्या आणि उजव्या टाय रॉडचे उघडे आटे मोजा, चार-पाचचा फरक निघाला तर वाकलेल्या भागाची भरपाई तिथे केलेली आहे.

आता एसएआय, म्हणजे त्याच अक्षाचा समोरून पाहता आतला कल, मोजून घ्या (काही मशीनवर केपीआय छापतात). त्यासाठी ब्रेक पेडल दाबून ठेवून चाकं दोन्हीकडे वळवावी लागतात, म्हणून दुकानात हे टाळतात. आग्रह धरा. एसएआय आणि कॅम्बर यांची बेरीज दोन्ही बाजूंना करा:

बेरीज सारखी, पण डावा एसएआय कमी आणि कॅम्बर जास्त: बहुधा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकलाय.
बेरीजच वेगळी: नकल (हब ज्यावर बसतो तो भाग) किंवा स्ट्रट वाकलाय.
एका बाजूचा एसएआय जितका कमी तितकाच दुसऱ्या बाजूचा जास्त: सबफ्रेम (दोन्ही लोअर आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) आडवी सरकली आहे.

शिवाय साधी टेप घेऊन पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा, स्टेअरिंग सरळ ठेवून.

घाटमाथा:
त्याआधी दोन गोष्टी वगळून टाका, नाहीतर पार्ट बदलूनही ओढ राहील. हवा सारखी करून पुढची दोन्ही चाकं आपसांत बदला. ओढ उजवीकडे गेली तर टायरचा दोष. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही चाचणी थोडं अंतर आणि हळू चालवूनच करा.) मग जॅक लावून चाक हाताने फिरवा. डावं जड फिरलं तर ब्रेकचा कॅलिपर अडकतोय. आपले रस्ते पाण्याच्या निचऱ्यासाठी कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे किंचित डावी ओढ तशीही जाणवते. चाचणी सपाट, मोकळ्या जागीच घ्या.

कोयनाकाठ:
चाकं बदलून पाहिली, ओढ डावीकडेच. ब्रेक मोकळे. एसएआय डावा ११°२०′, उजवा १२°३५′. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर डावीकडे १५ मिमी कमी. टाय रॉडचे डाव्या बाजूला ५ आटे कमी दिसतात.

आटे_आणि_पाने:
डावी बेरीज १२°३०′, उजवीही १२°३०′. म्हणजे कॅम्बर बिघडवणारा दोष नकल-स्ट्रटमध्ये नाही. उजवी बाजू जागेवर आहे, म्हणून सबफ्रेम आडवी सरकलेली नाही. खालचा बॉल जॉइंट (आर्म आणि नकल जोडणारा सांधा) आत आणि मागे गेलाय: डावा लोअर आर्म. नवीनच टाका. गरम करून किंवा प्रेसवर सरळ केलेला आर्म पुन्हा त्याच जागी वाकतो किंवा तडकतो, तो बसवू देऊ नका.

आर्म उतरवला की सबफ्रेमचे बोल्ट बघा. वॉशरभोवती चमकदार चंद्रकोर दिसली तर ती मागेही सरकली आहे. बोल्ट सैल करून आधी ती जागेवर आणा. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे कसा. हवेत कसले तर बुश पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

घाटमाथा:
टर्न प्लेटवर (चाकाखालची अंश दाखवणारी फिरती तबकडी) एक चाचणी उरते. आतलं चाक २०° वळवून बाहेरचं किती वळतं ते डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही वळणांत बघा. दोन वाचनांत १.५° पेक्षा जास्त फरक असेल तर नकलचा स्टेअरिंग आर्म वाकलाय. तो दोष कॅम्बर-एसएआयच्या बेरजेत दिसत नाही. शेवटी स्टेअरिंग मध्यावर लॉक करून दोन्ही टाय रॉड फिरवून टो सेट करायला सांगा. नुसता डावा फिरवला तर टो हिरवा येईल, स्टेअरिंग मात्र वाकडंच राहील. इलेक्ट्रिक स्टेअरिंग असेल तर स्कॅनरने अँगल सेन्सर शून्यावर आणा. विम्याचा दावा उघडा असेल तर जुना आर्म आणि दोन्ही प्रिंट सर्व्हेअरला दाखवेपर्यंत टाकू नका.