निर्गुडीच्या पानाला दाते असतात का? माझी खरी आहे की नाही

गच्चीवरची_बाग:
नमस्कार मंडळी, मी इंदूरची. दोन वर्षांपूर्वी चोरलकडच्या एका नाल्याकाठून निर्गुडीची फांदी आणून मोठ्या कुंडीत लावली, आता माझ्या डोक्याच्या वर गेलीये, पावसाळ्यात निळसर तुरेपण आले. पण शेजारच्या काकू म्हणतात ही निर्गुडीच नाही, खरीला पाच पानं आणि कड सरळ असते. माझ्याकडे कुठे तीन कुठे पाच, आणि कडेला मधूनच दाते! आईचे गुडघे शेकायला पाला हवाय, भलतंच काही नको म्हणून विचारतेय.

राऊवाले_काका:
ताई, तुम्ही ज्यांना पानं म्हणताय त्या पर्णिका, त्या तीन-पाच मिळून एक पान होतं. एकाच झुडपावर दोन्ही सापडतात, त्यावरून काही ठरत नाही. मधल्या पर्णिकेला स्वतःचा छोटा देठ आहे का बघा, निर्गुडीला असतो. निर्गुडीची किनाऱ्याकडची बहीण व्हायटेक्स ट्रायफोलिया, तिच्या पर्णिका बिनदेठाच्या, एकाच जागी चिकटलेल्या. पान उलटं केलं की खालून पांढुरकं दिसायला हवं, आणि कोवळी फांदी बोटांत फिरवली की चौकोनी लागते.

रानवाट:
दात्यांचं मी सांगते. निर्गुडी म्हणजे शास्त्रीय नावाने व्हायटेक्स निगुंडो, ही जात एकच, तिच्यात प्रकार आहेत. सरळ कडेची मूळची, दातेरी ती कॅनाबिफोलिया म्हणजे भांगेच्या पानासारखी, आणि पार आतपर्यंत कातरलेली हेटेरोफायला. हे प्रकार उपजातीच्याही खालच्या पातळीचे, त्यामुळे दाते दिसले म्हणून झाड वेगळं होत नाही. ट्रायफोलियाची मात्र लिटोरॅलिस नावाची उपजाती मानायचे, वाळूत सरपटणारी, साध्या एकेरी पानाची, तिला आता वेगळी जातच धरतात. आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं निगुंडो हे नाव आपल्या निर्गुडीवरूनच, आपल्याकडचे मालवी लोक नेगड म्हणतात तेही त्याच्याच जवळचं, मला हे फार आवडतं!

गच्चीवरची_बाग:
आत्ताच जाऊन बघितलं, मधल्या पर्णिकेला देठ आहे, नखाएवढा पण स्पष्ट, आणि पान खालून राखेसारखं. चुरगाळल्यावर तो उग्र वास हाताला अजून येतोय. शेंड्याला एक तुरा उरलाय, त्यातलं फूल जवळून पहिल्यांदाच बघितलं, खालच्या ओठाची मधली पाकळी बाकीच्यांपेक्षा केवढी मोठी, मधमाशी तिच्यावरच उतरत होती. काकूंना वर बोलावलंय, आणि आईसाठी पाला तव्यावर गरम करायला ठेवलाय.