मदत हवी आहे : पेसमेकर असताना कमरेचा एमआरआय सांगली-मिरज-कोल्हापूरकडे कुठे होतो?

वडील, वय ७४. कमरेपासून डाव्या पायात कळ जाते, आणि आता चालताना त्या पायातली चप्पल निसटते. एक्स-रेत मणके झिजलेले दिसतात, पण नस कुठे दबलीय ते त्यात कळत नाही, म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय. लघवी-संडासवर ताबा आहे (कुणीतरी विचारणारच).

अडचण २०१९ साली बसवलेल्या पेसमेकरची. जवळच्या सेंटरवाल्यांनी तो शब्द ऐकताच फोनवरच नाही म्हटलं, पेसमेकरचं कार्ड बघायचीही तसदी नाही. कार्डावर 'एमआर कंडिशनल' (म्हणजे ठरावीक अटी पाळून एमआरआय चालतो) छापलंय. नुसतं यंत्र तसं असून भागत नाही, हृदयात गेलेल्या लीडही (तारा) त्याच प्रकारच्या लागतात. त्या तशाच आहेत, जुनी सोडून दिलेली लीड नाही. १.५ टेस्लाच्या (ही चुंबकाची ताकद) मशीनवर करायला हृदयाच्या डॉक्टरांनी लेखी परवानगी दिलीय. मात्र स्कॅनआधी पेसमेकर एमआरआय मोडवर टाकायला आणि नंतर पूर्ववत करायला प्रोग्रामर (पेसमेकरची सेटिंग बदलायचं यंत्र) घेऊन जाणकार माणूस हवा, आणि स्कॅन चालू असताना ईसीजी-ऑक्सिजनवर लक्ष.

सीटी मायलोग्राम सुचवला होता, पण त्यात मणक्यात सुई घालून डाय सोडतात, आणि बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यामुळे तो शेवटचा पर्याय. गाडीत फार वेळ बसवत नाही, पुणं अगदीच नाइलाज झाला तर.

अलीकडे कुणाचा पेसमेकरसह एमआरआय या भागात झालाय का, कुठे? आणि प्रोग्रामरवाला माणूस सेंटर बोलावतं की आपणच कंपनीला फोन करायचा? त्याचे वेगळे पैसे पडतात का?