मदत हवी आहे: खडी मशीनचा धूळ-आराखडा बांधकामाला चालेल का?

खानापूर भागात एकाच ठेकेदाराची दोन कामे आहेत. काळ्या दगडाची खाण नि खडी मशीन, आणि 5 मजली इमारत. इमारतीत ग्राइंडरने वायरिंगच्या खाचा पाडतात, गोकाककडचा वालुकाश्मही कापतात. पाण्याने करंट लागेल म्हणून सगळे सुकेच चालते. खाणीचा आराखडा तयार आहे, तोच इकडे लावू का?

प्रतिसाद 1
आराखडा नको, मोजायची पद्धत उचला. काळा दगड म्हणजे बेसाल्ट, त्यात मोकळा क्वार्ट्झ, म्हणजे फुफ्फुसाला घातक सिलिका, अगदी कमी. वालुकाश्म मुख्यतः क्वार्ट्झचाच. खाण नियमावलीचे गणित असे: श्वासातल्या धुळीत सिलिका 5 टक्क्यांखाली असेल तर मर्यादा 3 मिलिग्रॅम प्रति घनमीटर, त्यापुढे 15 भागिले टक्के. 75 टक्के निघाले की मर्यादा 0.2 वर येते, म्हणजे 15 पट कडक. टक्के धुळीचे काढा, दगडाच्या तुकड्याचे नव्हे. अमेरिकेने बांधकामाला 2016 मध्ये आणि खाणींना 2024 मध्ये एकच आकडा जाहीर केला: सिलिका 0.05 मिलिग्रॅम प्रति घनमीटर, 8 तासांची सरासरी.

मोजायला हवा ओढणारा छोटा पंप कामगाराच्या कमरेला, सायक्लोन (जाडी धूळ वेगळी करून बारीक तेवढी फिल्टरवर सोडणारी नळी) कॉलरपाशी. 10 मिमी नायलॉन सायक्लोनला हवेचा प्रवाह मिनिटाला 1.7 लिटर लागतो. कामाआधी नि नंतर प्रवाह तपासा. सायक्लोन उलटा झाला की खालची जाडी भुकटी फिल्टरवर पडते आणि नमुना वाया. पंप काढताना नेमके हेच होते.

प्रतिसाद 2
करंटची भीती बरोबर आहे, साध्या ग्राइंडरवर पाणी नकोच. खाचांसाठी चाकाला आवरण आणि व्हॅक्यूम. व्हॅक्यूमने चाकाच्या दर इंचाला मिनिटाला 25 घनफूट हवा ओढली पाहिजे, म्हणजे 5 इंची चाकाला 125. फिल्टर 99 टक्के धूळ अडवणारा. घरगुती व्हॅक्यूम सिमेंटने लगेच तुंबतो, ओढ कमी झालेली कळतही नाही. म्हणून व्हॅक्यूमच्या आधी सायक्लोन डबा जोडा, म्हणजे बरीच धूळ फिल्टरआधीच खाली पडते. आवरण भिंतीपासून उचलले की धूळ बाहेर, खाच संपताना जास्त.

वालुकाश्म उघड्यावर, पाण्याची जोडणी असलेल्या पेट्रोल कटरने कापा. मिनिटाला अर्धा लिटर पाणी सलग पात्यावर हवे. आधी दगड भिजवून ठेवणे म्हणजे नुसते समाधान. चिखल वाळायच्या आत खरवडा, नाहीतर तीच धूळ दुसऱ्या दिवशी पुन्हा उडते.

धागाकर्ता
आणि मास्क? सध्या सगळे टॉवेल बांधतात.

प्रतिसाद 2
टॉवेलने बारीक धूळ अडत नाही. एन-95 द्या, पण दाढीवर तो बसत नाही, कडेने हवा शिरते. आणि सुट्टी झाल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झाडणे आजच बंद करा, खाणीवरही.