आधी जेवत नव्हती, आता भूकच भागत नाही. लेकीला थांबवू की खाऊ देऊ?

नौपाड्याची आई

नमस्कार. लेक १९ वर्षांची, ठाण्यातच कॉलेजला आहे. गेल्या वर्षी तिला ॲनोरेक्सियाचं, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजाराचं, निदान झालं. मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ, दोन्हीकडे उपचार चालू आहेत. पावसाळ्यापासून ती खरंच जेवायला लागली. वरणभाताचं पहिलं ताट तिने पूर्ण संपवलं, तेव्हा मी देवाला हात जोडले.

आता सगळं उलटं झालंय. जेवून उठली की थोड्या वेळात पुन्हा स्वयंपाकघरात. श्रीखंड, पाव-लोणी, शेंगदाण्याची चिक्की. परवा रात्री पाणी प्यायला उठले तर ही अंधारात ओट्याशी उभी, शिळ्या पोळीवर लोणी-साखर पसरून खात होती. मला बघून पोळी पाठीमागे लपवली. मी दिवा लावला, दुसरी पोळी गरम करून तिच्यापुढे ठेवली. तशी रडायलाच लागली. "आई, मी आता कधी थांबणारच नाही का गं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

वजन वाढतंय, ते हवंच आहे. पण सगळं पोटावर दिसतंय, घोटे सुजलेत आणि हातपाय अजून काड्याच. सासूबाई म्हणतात, आवर घाला आता, एवढं लोणी बाधेल, काहीतरी पौष्टिक द्या. लेकही रोज सकाळी ठरवते, आजपासून फक्त मखाणे आणि मोडाचे मूग. मला कळत नाही, हा आजाराचाच दुसरा अवतार आहे का? आणि वजन नीट, अंगी लागेल असं कसं वाढवायचं?

एक विनंती. किलो आणि कॅलरीचे आकडे इथे लिहू नका. ती माझा फोन बघते.

नेरूळची ताई

काकू, मी यातून गेलेय. तिला थांबवू नका. ती वाचत असेल तर तिलाही सांगते: अगं, थांबशील. पण ते शरीराचं पोट भरल्यावर आपोआप होईल, मनाने ब्रेक मारून नाही.

मला हे एका जुन्या प्रयोगामुळे पटलं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धामुळे उपाशी राहिलेल्या लोकांना परत कसं खाऊ घालायचं, हे शोधायचं होतं. ही सगळी धडधाकट, निवडून घेतलेली माणसं, खाण्याचा आजार कुणालाच नव्हता. तरी उपाशीपणात ते दिवसभर खाण्याबद्दलच बोलायला लागले, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. (मी रात्री दोनला पुरणपोळीचे व्हिडिओ बघायचे आणि घरच्यांसाठी केक करायचे, एक घासही न खाता. तुमच्याकडेही असं काही झालं असेल.) पुढे पोटभर खायला मिळालं तेव्हा त्यातल्या कितीतरी जणांचं पोट तट्ट फुगायचं, पण भूक जायची नाही. हे महिनोन् महिने चाललं, मग निवळलं. चरबी आधी आली, स्नायू मागून भरले. म्हणजे तुमच्या लेकीचं जे चाललंय, ते उपाशी राहिलेल्या कुठल्याही शरीराचं होतं. त्यात हावरटपणा नाही.

माझी ओढ वडापावची होती. स्टेशनबाहेरच्या गाडीवर एक खाऊन व्हायचा, पुढच्या चौकात दुसरा, आणि घरी येऊन "भूक नाही" म्हणायचे. सकाळी फळांवर भागवलं की रात्री हे हमखास व्हायचं. आईने शेवटी घड्याळ लावलं: तीन जेवणं आणि मधली तीन खाणी, दर तीनेक तासांनी, भूक असो वा नसो. ती माझ्याबरोबर बसून तेच खायची. वडापावही तिनेच ताटात आणला, चटणीसकट, दुपारच्या चहाला. चोरून खायची गरज संपल्यावर त्याची जादूही ओसरली. म्हणून सकाळचे मखाणे-मूग पहिले मोडून काढा काकू. रात्रीचं लोणी तिथूनच येतंय.

रात्रीसाठी टेबलावर डबा ठेवा, उघड्यावर, दिवा चालू. लाडू, केळं, काहीही. उभ्याने अंधारात खाणं आणि बसून ताटात खाणं यात फार फरक पडतो.

वाशीची आहारतज्ज्ञ

ताई, मी मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे तिच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. तुम्ही वर्णन केलेली भूक या टप्प्यावर नेहमी दिसते. पण घोट्यांच्या सुजेबद्दल डॉक्टरांना आज-उद्याच कळवा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

उपासमारीनंतर खाणं वाढलं की शरीरात पाणी साठून सूज येते आणि ती बहुतेकदा ओसरते. पण याच काळात रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरू शकतं. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. धोका सर्वांत जास्त सुरुवातीच्या दिवसांत असतो. ती बरेच महिने जेवतेय म्हणून तो कमी आहे, तरी तपासण्या करून घ्या. धाप, छातीत धडधड, चक्कर, गोंधळल्यासारखं वागणं, यातलं काही दिसलं तर थेट इमर्जन्सीत न्या. आणि खाल्ल्यावर ती उलटी करतेय का, जुलाबाच्या गोळ्या घेतेय का, किंवा खोलीत व्यायाम करतेय का, हे तिच्या डॉक्टरांना शांतपणे विचारायला लावा. उत्तर हो असेल तर उपचार बदलावे लागतात.

पोटावर आधी वजन येणं अपेक्षित आहे. खाणं स्थिर राहिलं तर पुढच्या काही महिन्यांत, कधी वर्षभरात, ते अंगभर सारखं होतं. त्याच वेळी जेवण कमी केलं की ते राहून जातं. जेवणानंतर पोट जड होतं तेही खरंच असतं, कारण उपाशी राहून जठर मंदावलेलं असतं. म्हणून कोशिंबिरींचे डोंगर नकोत. थोडक्यात जास्त ताकद देणारं द्या: मऊ भातावर तूप, लोणी लावून थालीपीठ, शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी, दूध-केळं, खजूर, डिंकाचा लाडू. प्रथिनांसाठी अंडी, पनीर, डाळ, खात असाल तर बांगडा-सुरमई. श्रीखंड आणि पाव-लोणीही चालूच राहू द्या. ज्या पदार्थांची तिला भीती वाटायची, ते ती आता खातेय, ही उपचारातली कमाई आहे. पाळी बंद असेल तर हाडांची घनता तपासण्याबद्दलही विचारा.

कळव्याचे बाबा

आमच्या मुलाला झालं होतं. मुलग्यांनाही होतं, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एकच सांगतो, घरात तिच्या अंगावर काही बोलायचं नाही. "गाल वर आले हो", "आता कशी छान भरलीस", हे कौतुक म्हणून म्हणतात, पण तिला ऐकू येतं की जाड झालीस. आम्ही लग्नाला जायच्या आधी नातेवाइकांना फोन करून बजावलं होतं. तिच्याशी परीक्षेवर बोला, पिक्चरवर बोला. वजनकाटा घरातून हलवा, वजन दवाखान्यात होऊ दे, तेही पाठमोरं उभं करून. रात्री फारच तगमग झाली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

नौपाड्याची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांना सुजेचा फोटो पाठवला, उद्या सकाळी रक्त द्यायला बोलावलंय. ते आकडे नीट बघतील, मी बघणार नाही. लेकीने नेरूळच्या ताईचं उत्तर दोनदा वाचलं आणि विचारलं, "पुढच्या चौकात दुसरा? खरंच?"

आणखी एक विचारते. गुरुवारी संकष्टी आहे. ती लहानपणापासून माझ्याबरोबर धरते, सासूबाईंचाही आग्रह आहे. साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर चालेल का?

नेरूळची ताई

नाही काकू, यंदा नको. खिचडी काय, कितीही खाल्ली तरी चंद्रोदयापर्यंत थांबायचं म्हणजे पुन्हा उपाशी राहणं आलं, आणि आजाराला तेवढी फट पुरते. माझे संकष्टी, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार सगळे डॉक्टरांनी बंद केले होते. सासूबाईंना सांगा, आजारी माणसाला उपास लागू नाही. मोदक मात्र करा, आणि पहिला तिला वाढा, वरून तूप घालून, दुपारच्या जेवणाबरोबरच.